गार्ड लावू?

वाळपईच्या बाजारात, बस वळते त्या कोपऱ्यावर
सहा बाय आठचं दुकान माझं.
दिवसातून पंधरा-वीस वेळा हेच वाक्य बोलतो: गार्ड लावू?
आणि समोरचा माणूस, कोरा फोन दोन्ही हातांत धरून,
तान्ह्या पोराला टोचायला आणल्यासारखा
माझ्याकडे बघतो.

शंभरचा साधा, दोनशेचा कडेपर्यंत.
मॅट, म्हणजे उन्हात दिसतं पण अक्षर जरा पिठूळ होतं.
प्रायव्हसी, म्हणजे शेजारच्याला काळोख.
वाकड्या कडांना गोंद आणि निळा दिवा.
पाकिटावर नऊ एच छापलेलं असतं,
ती पेन्सिलीची परीक्षा, तिला वाळू बसत नाही.
खिशातली किल्ली काचेचं काही वाकडं करत नाही,
करतो तो एक कण,
मोरजीहून घरी आलेला, पँटच्या शिवणीत राहिलेला.

इथवर मी गिऱ्हाइकाला सांगतो.
जपून वापरणाऱ्याला नुसतं कव्हर पुरतं,
कड काचेपेक्षा केसभर उंच असली म्हणजे झालं,
हे सांगत नाही.
दुकानाचं भाडं पाच तारखेला असतं.

मार्चातल्या एका मंगळवारी द्रौपदी माजिक आली,
काजूच्या कारखान्यातून, सुटीनंतर.
मुलगा तारवटी, त्याने पाठवलेला फोन
पदराच्या टोकात बांधलेला.
"बोट वळखना," म्हणाली.

काच पुसली. बोट पुसायला कागद दिला.
अंगठा. तर्जनी. डावा अंगठा.
फोन थरथरून नाही म्हणत राहिला.
म्हटलं, कुणी लावला हा एवढा जाड गार्ड?
नखाने कोपरा उचलून सोलून काढला.
उघड्या काचेलाही ती पटेना.
तेव्हा तिचं बोट धरून ट्यूबलाइटखाली नेलं.

रेषा नव्हत्या.
काळपट, गुळगुळीत टोकं.

"डीक," ती म्हणाली. "सालीतलो. चाबता."
एरंडेलाची वाटी असते म्हणे प्रत्येकीपाशी,
थोड्या थोड्या वेळाने बोटं बुडवायची.
हातमोजे दिलेत मालकाने, पेटीत आहेत.
मोजा घातला की गर कळत नाही,
आख्खा निघायचा तो मोडतो,
आणि तुकड्याचा भाव निराळा.
"रेशनाच्या मशिनाकय हांव कळना,"
हे तिने हसत सांगितलं,
मला मात्र हसायला यायला वेळ लागला.

चार आकडे घाल, म्हटलं, आणि तोंड भिंतीकडे केलं.
तिने ते मोठ्याने सांगितले,
दुकानातल्या तिघांनाही पाठ होतील असे.
हजेरीवहीतला तिचा नंबर.

मग मी पातळातला पातळ काढला. हा लावू?
ती म्हणाली, "तुज्या फोनाक कितें लायलां?"

काही नाही.
तीन वर्षं उघडाच आहे.
स्वतःच्या दुकानातला माल स्वतःला लावायचं
का कोण जाणे, राहूनच गेलं.

तिने तो उचलला,
एरंडेलाचं बोट वरून खाली सावकाश नेलं,
आणि मध्येच थांबली.
"हांगा."

मला काहीच दिसेना.
दाराशी जाऊन उन्हात तिरका धरला:
घड्याळाच्या आकड्याखाली, उजवीकडे,
केसाएवढी रेघ.
माझं बोट फिरवलं. लागली नाही.
पुन्हा फिरवलं.

"आख्खो न्हय हो," फोन परत देत ती म्हणाली,
"दुसऱ्या डब्यांत घाल."

साट्रेची बस लागली होती, ती निघाली.
पातळ गार्ड माझ्या चिमटीत,
मागचा कागद अर्धा सुटलेला,
आणि चिकट बाजूवर
वाळपईची धूळ येऊन बसायला लागलेली.